फुटाफुटाने कापलेली केबिन

अमेरिकेच्या महामार्गावरचा लांब पल्ल्याचा ट्रक म्हणजे पुढे लांबलचक नाक आणि सीटमागे चांगली ऐसपैस झोपायची जागा. युरोपातला ट्रक समोरून सपाट, आणि ड्रायव्हर थेट इंजिनावर बसलेला. माल साधारण सारखाच, इंजिनांची ताकदही जवळपास तीच. बनवणारी घराणीसुद्धा पुष्कळदा एकच आहेत: फ्रेटलायनर डाइमलरच्या कुळातला, तर पीटरबिल्ट, केनवर्थ आणि युरोपातला डाफ हे तिघे पॅकार या एकाच कंपनीचे. तरी चेहरे इतके वेगळे कसे?

‘अमेरिकनांना मोठ्या गाड्या आवडतात’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. ट्रकच्या केबिनचा आकार डिझायनरच्या पेन्सिलीने जेवढा ठरतो, त्याहून जास्त तो कायद्याच्या मोजपट्टीने ठरतो. लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची हे नियमाने सांगितलं की कारखाने त्या मापात जास्तीत जास्त माल बसवायला लागतात, आणि कात्री बहुतेक वेळा केबिनवर चालते. वाचलेल्या प्रत्येक फुटाची किंमत मग कुणीतरी मोजतो: कधी ड्रायव्हर, कधी मेकॅनिक, तर कधी डाव्या बाजूने चाललेला सायकलस्वार. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतल्या चाकोरीबाहेरच्या केबिनी या नजरेने पाहिल्या, तर त्यांतल्या काही का टिकल्या आणि काही प्रदर्शनातच का राहिल्या, हे कळतं.

नाक असणं आणि नसणं

आधी मूळ सौदा. इंजिन पुढे बॉनेटखाली ठेवलं की ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या मागे, दोन आसांच्या मध्ये बसतो. खड्ड्याचा दणका थेट त्याच्या मणक्याला बसत नाही. समोरून धडक झालीच तर आधी इंजिनाचा भाग चेपतो. केबिन जमिनीपासून कमी उंचीवर, म्हणून चढ-उतार सोपा. बॉनेट उघडलं की मेकॅनिक इंजिनाजवळ उभा राहू शकतो. तोटे दोन, आणि दोन्ही मोठे: गाडीची लांबी मालाविना वाढते, आणि नाकाच्या पुढ्यात काय आहे ते दिसत नाही.

इंजिनावरच केबिन बसवली की लांबी वाचते, वळण आखूड होतं आणि समोरचा रस्ता जवळून दिसतो. पण ड्रायव्हर पुढच्या आसावर येतो आणि गाडीसोबत पुढे-मागे हिंदकळतो. दोन सीटांच्या मध्ये इंजिनाचा उंचवटा येतो, त्याची धग आणि आवाज येतो. दुरुस्तीचा प्रश्न तर असा होता की केबिनच्या आतून झाकण काढून, वाकून, कोपरं भाजून घेत काम करावं लागे. अमेरिकेच्या व्हाइट कंपनीने १९४९ साली ‘३०००’ हे मॉडेल आणलं, त्यात अख्खी केबिन यंत्राने पुढे कलंडायची. आज ही सोय सगळीकडे आहे, पण तिचाही त्रास आहेच. केबिन कलंडवण्यापूर्वी आतली प्रत्येक सुटी वस्तू काढावी लागते, नाहीतर डबा, पाण्याची बाटली, पाने सगळं समोरच्या काचेवर येऊन आदळतं. शिवाय गाडीपुढे मोकळी जागा हवी. घाटात कठड्याला टेकून बंद पडलेल्या गाडीला ती कुठून मिळणार?

अमेरिकेत नाक परत कसं आलं

१९८२ पूर्वी अमेरिकेतली बरीच राज्यं ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांची मिळून एकूण लांबी ठरवत. त्या मापात ट्रेलर लांब हवा तर ट्रॅक्टर आखूड हवा, म्हणून तिथेही सपाट तोंडाच्या गाड्यांचं राज्य होतं. केनवर्थने तर १९५० च्या दशकात इंजिनाच्या वर किंवा मागे नव्हे, तर इंजिनाच्या शेजारी अरुंद अर्धी केबिन बसवून पाहिली. लांबी वाचली, वजन वाचलं, पण ड्रायव्हरची उजवी बाजू इंजिनाने अडवली.

१९८२ च्या ‘सरफेस ट्रान्स्पोर्टेशन असिस्टन्स ॲक्ट’ने राष्ट्रीय जाळ्यातल्या महामार्गांवर जोडगाडीच्या एकूण लांबीची मर्यादा काढून टाकली आणि फक्त ट्रेलरचं माप ठेवलं, ४८ फुटी ट्रेलरला कुठल्याही राज्याला नाही म्हणता येईना. ट्रॅक्टरची लांबी हिशेबातून सुटली आणि पाहता पाहता सपाट तोंडं ओसरली. ड्रायव्हरला आराम हवाच होता, पण त्या आरामाची किंमत मालाच्या जागेत मोजावी लागणं थांबलं तेव्हाच तो त्याला मिळाला. फ्रेटलायनरने १९९८ मध्ये ‘अर्गोसी’ नावाची आधुनिक सपाट केबिन आणली: जमीन सपाट, दार उघडलं की पायऱ्या बाहेर वळून येणाऱ्या. उंच केबिनमध्ये चढण्याची अडचण तिने छान सोडवली होती. तरी अमेरिकेतली तिची विक्री २००६ मध्ये थांबली. ती पुढे टिकली ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा बाजारांत. ऑस्ट्रेलियात दोन ट्रेलर जोडलेल्या ‘बी-डबल’ गाडीची एकूण लांबी आजही मोजली जाते, म्हणून केनवर्थचा तिथला कारखाना सपाट तोंडाचे ट्रक अजून बनवतो.

डोक्यावरची झोप

युरोपात एकूण लांबी कधीच हिशेबातून सुटली नाही. १९८० च्या दशकात, विशेषतः जर्मनीत, ट्रक आणि त्यामागे ओढायचा ट्रेलर या जोडीत मालाची लांबी वाढवण्याची चुरस इतकी पेटली की केबिनमधून झोपायची जागाच काढून टाकली गेली. आखूड केबिनच्या टपावर एक पेटी बसवायची, छतातल्या झरोक्यातून ड्रायव्हरने वर चढायचं आणि तिथे आडवं व्हायचं. या ‘टॉप-स्लीपर’ केबिनीत उभं राहायला जागा नाही, कपडे बदलायला नाही, रात्री लघवीला उठायचं तर आधी झरोका शोधायचा. उन्हाळ्यात पेटी तापते, वाऱ्यात हलते. मालवाहतूकदाराला मात्र अर्धा मीटर माल जास्त नेता येई.

या चुरशीला लगाम बसला तो नियमातल्या एका बारीक कलमाने. १९९६ च्या युरोपीय निर्देशानुसार ट्रक-ट्रेलर जोडीची एकूण लांबी १८.७५ मीटर, पण त्याचबरोबर मालाच्या जागेच्या पुढच्या टोकापासून ट्रेलरच्या शेवटापर्यंतचं अंतर १६.४० मीटरहून जास्त नको. वजाबाकी केली की केबिनसाठी २.३५ मीटर उरतात. त्याहून आखूड केबिन करून मालाला काहीच मिळत नाही, म्हणून कुणी करत नाही. नियमात झोपेचा किंवा आरामाचा शब्द नसतानाही ड्रायव्हरची झोप राखली गेली, ती केवळ माप कुठून घ्यायचं हे बदलल्याने. या विषयात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हाच धडा.

सपाट तोंडातच आराम शोधण्याचा धाडसी प्रयत्न रेनोने केला. १९९० सालच्या ‘एई’ मॉडेलमध्ये, म्हणजे पुढच्या ‘मॅग्नम’मध्ये, केबिन इंजिनापासून पूर्ण वेगळी करून इतकी उंच नेली की आत इंजिनाचा उंचवटा उरलाच नाही. घराच्या फरशीसारखी सपाट जमीन, आणि ड्रायव्हर आत सरळ उभा राहून फिरू शकेल एवढी उंची. १९९१ चा ‘ट्रक ऑफ द इयर’ हा मान तिला मिळाला आणि २०१३ पर्यंत ती बनत राहिली. किंमत गुडघ्यांनी मोजली. दिवसातून एकदाच चढायचं असेल तर ठीक. दर तासाला उतरून माल द्यायचा असेल तर ती शिडी नकोशी होते. लांब पल्ल्याला वरदान ठरलेली केबिन गावातल्या वाटपाला शाप ठरते, ती अशी.

अलीकडे युरोपने मोजपट्टी पुन्हा थोडी सैल केली. वाऱ्याचा अडथळा कमी करणारी, पादचारी-सायकलस्वारांना जास्त सुरक्षित आणि ड्रायव्हरला जास्त सोयीची असेल, तर केबिन थोडी लांब चालेल, मात्र मालाची जागा वाढता कामा नये. ही सवलत १ सप्टेंबर २०२० पासून लागू झाली, आणि जून २०२१ मध्ये डाफने तिच्यावर बेतलेली पहिली मालिका आणली. पुढचा भाग १६ सेंटीमीटरने लांब, आणि मोठ्या एक्सजी केबिनींत मागेही ३३ सेंटीमीटर वाढ. मग अमेरिकी नाकच का नाही? कारण वळणाचा नियम तसाच आहे: १२.५ मीटर त्रिज्येच्या बाहेरच्या आणि ५.३ मीटर त्रिज्येच्या आतल्या वर्तुळांमध्ये गाडी फिरली पाहिजे. स्कॅनियाने आपली नाकवाली ‘टी’ मालिका २००५ मध्येच बंद केली होती.

प्रदर्शनातच राहिलेल्या गाड्या

लांबीच्या या खेळातली सगळ्यांत टोकाची चाल जर्मन अभियंता मानफ्रेड स्टाइनविंटर यांची. १९८३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात त्यांनी ‘सुपरकार्गो २०४०’ मांडला. हा ट्रॅक्टर ट्रेलरच्या पुढे नव्हे, तर ट्रेलरच्या पोटाखाली बसायचा. केबिनची लांबी शून्य, सगळी लांबी मालाला. कागदावर याहून चोख उत्तर नाही. पण ड्रायव्हर स्पोर्ट्स कारइतका खाली, डोक्यावर टनावारी माल, आणि पुढच्या रांगेच्या पलीकडे काही दिसण्याची शक्यता नाही. त्याहून मोठी अडचण धंद्याची होती: या ट्रॅक्टरला त्याचाच खास ट्रेलर लागे. वाहतूकदाराच्या आवारात उभे असलेले जुने ट्रेलर त्याला जोडता येत नसतील, तर वाचलेल्या लांबीचा उपयोग काय?

हीच गत वाऱ्यासाठी घडवलेल्या गाड्यांची. लुइजी कोलानी या डिझायनरने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून थेंबासारखे गोल, फुगीर ट्रक मांडले. लोक थांबून पाहात. २०१० मध्ये मॅनने हॅनोव्हरला डॉल्फिनच्या तोंडाचा ‘कन्सेप्ट एस’ दाखवला. जुळणारा ट्रेलर मागे लावला तर इंधन २५ टक्क्यांपर्यंत वाचेल, असा कंपनीचा दावा होता. पण त्या तोंडासाठी लागणारी लांबी तेव्हाच्या नियमात बसत नव्हती. शिवाय वाऱ्याला फक्त केबिन अडवत नाही; केबिन आणि ट्रेलरमधली फट, ट्रेलरची चौकोनी शेपूट हे तितकेच दोषी असतात. ट्रॅक्टर एकाचा आणि ट्रेलर दुसऱ्याचा असतो अशा धंद्यात दोघांनी मिळून आकार बदलायचा, तर खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची होते.

शहराच्या रस्त्यावर

महामार्गावर प्रश्न लांबीचा, शहरात नजरेचा. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९६० मध्ये आणलेला ‘एफजी’ हा वाटपाचा ट्रक इथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. त्याच्या केबिनचे मागचे दोन कोपरे तिरके कापलेले आणि दारं त्या तिरक्या बाजूंना. दार उघडलं तरी ते गाडीच्या रुंदीबाहेर फारसं येत नाही. अरुंद गल्लीत, भिंतीला खेटून उभ्या गाडीतूनही पोऱ्या खोकं घेऊन उतरू शकतो, आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या छातीवर दार आदळत नाही. समोर खालच्या बाजूला छोट्या जादा काचा, त्यातून फुटपाथची कड दिसायची. या कोनांमुळे लोकांनी त्याला तीन पेनीच्या बहुकोनी नाण्याचं नाव दिलं. त्याच साली आलेल्या बेडफर्ड ‘टीके’ने इंजिन सीटच्या मागे ढकललं आणि बाजूच्या झाकणांतून दुरुस्तीची सोय केली. केबिन कलंडवायची गरजच नाही. बदल्यात सीटमागे झोपायची जागा गेली, पण संध्याकाळी घरी परतणाऱ्या ड्रायव्हरला ती हवी कशाला?

खालच्या काचेचं हे शहाणपण मधल्या काळात विसरलं गेलं. उंच केबिनीखालचा आंधळा भाग आरशांनी भरून काढायचा, हा उपाय मानला गेला. आरसे वाढत गेले, आणि ते सगळे एकाच वेळी पाहणं माणसाला जमेना. लंडनने मग ‘डायरेक्ट व्हिजन स्टँडर्ड’ आणलं: ड्रायव्हरला आरसा-कॅमेऱ्याविना, स्वतःच्या डोळ्यांनी किती दिसतं त्यावर १२ टनांवरच्या ट्रकांना शून्य ते पाच तारे. मार्च २०२१ पासून त्याची अंमलबजावणी झाली, आणि २८ ऑक्टोबर २०२४ पासून तीन तारे नसतील तर जादा सुरक्षा यंत्रणा बसवल्याशिवाय परवाना मिळत नाही. युरोपीय संघातही थेट नजरेच्या अटी नव्या मॉडेलना २०२६ पासून, तर सर्व नव्या जड वाहनांना २०२९ पासून आहेत.

यामुळे कचरागाड्यांपुरती मानली जाणारी बुटकी केबिन एकदम चर्चेत आली. मर्सिडीजची ‘इकॉनिक’ १९९८ पासूनची: बसगाडीसारखी खाली, मोठ्या काचा, बाजूचं दारही काचेचं. कामगार दिवसभरात असंख्य वेळा चढतो-उतरतो आणि गुडघे शाबूत राहतात. पण केबिन खाली आणायची तर इंजिन मागे सरकवावं लागतं, पुढचं तोंड जमिनीलगत येतं, आणि कचरा डेपोच्या खडबडीत चढावर ते घासतं. बांधकामाच्या मातीत जाणाऱ्या टिपरला ती चालत नाही. तीन तारे मिळवणं आणि चिखलातून बाहेर पडणं हे दोन्ही एकाच केबिनला जमवणं कठीण आहे.

मधली सीट

विजेच्या ट्रकांनी पुढचं इंजिन काढून टाकल्यावर डिझायनरांना पहिल्यांदाच मोकळी पाटी मिळाली. टेस्लाने २०१७ मध्ये दाखवलेल्या आणि डिसेंबर २०२२ पासून गिऱ्हाइकांच्या हाती दिलेल्या ‘सेमी’मध्ये ड्रायव्हर मधोमध बसतो. स्वीडनच्या व्होल्टा कंपनीने शहरासाठी केलेल्या ‘झीरो’तही सीट मध्ये आणि खाली होती, डोळ्यांची पातळी जमिनीपासून सुमारे १.८ मीटरवर, म्हणजे पादचाऱ्याच्या नजरेला नजर. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पण ती घटना पैशाची होती, केबिनची नव्हे.

मधल्या सीटला दोन्ही बाजू सारख्या दिसतात, गाडी लेनच्या मधोमध ठेवणं सोपं जातं. तोटे साधे आणि रोजचे आहेत. फाटकावर कागद द्यायचा तर खिडकीपर्यंत हात पोचत नाही. मागे घेताना खिडकीतून डोकं काढून ट्रेलरची कड पाहता येत नाही, सगळी भिस्त कॅमेऱ्यावर. आणि दुपदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडताना उजवीकडे झुकून समोरचा रस्ता पाहण्याची सोय जाते. आपल्याकडे, जिथे क्लीनर डाव्या दारात उभा राहून पत्र्यावर थाप मारत जागा सांगतो, तिथे या केबिनची परीक्षा घाटातल्या पहिल्याच वळणावर होईल.

यापुढचं पाऊल म्हणजे केबिनच नसणं. व्होल्वोची ‘व्हेरा’, आइनराइडचे बिनकेबिनीचे ट्रक याच दिशेचे. ठरलेल्या आवारात आणि ठरलेल्या मार्गावर हा हिशेब बसू शकतो. पण टायर फुटल्यावर खाली उतरणारा, दोर सैल झाल्याचं ओळखणारा आणि आवारात वाद झाला तर बोलणारा माणूस कोण, हा प्रश्न केबिन काढून सुटत नाही.

विचित्रपणा जिथे रुजला

गंमत अशी की सगळ्यांत विचित्र केबिनी मुकाट्याने कामावर आहेत, कारण त्यांना एकच काम करायचं असतं. बंदरात कंटेनर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एकाच माणसाची, एका बाजूला सरकवलेली केबिन असते. तिला मागे दार असतं. ड्रायव्हर त्यातून थेट चेसिसवर उतरून ट्रेलरची हवेची नळी जोडतो, वळसा घालून जमिनीवरून चढावं लागत नाही. क्रेनच्या गाडीची अर्धी केबिन बुमला शेजारून पुढे जायला वाट देते. खाणीतल्या डंपरची केबिन एका कोपऱ्यात उंचावर असते. अमेरिकेतल्या काही अग्निशमन दलांच्या लांब शिडीगाड्यांना तर मागच्या टोकाला दुसरी केबिन असते, आणि तिथला माणूस मागची चाकं वेगळी वळवतो. झोपायचं नाही, लांब जायचं नाही, परक्या ट्रेलरशी जुळवायचं नाही. अटी कमी झाल्या की आकार मोकळा होतो.

आपल्याकडचा सौदा

भारतात हा सौदा वेगळ्याच ठिकाणी झाला. १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून टाटांनी जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, तेव्हा ते नाकवाले होते. पुढे रुळली ती अर्धनाकी, ‘एसई’ मालिकेची केबिन: इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये शिरलेला, पुढचा बाहेर बॉनेटखाली. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला ती सोयीची, कारण काही कलंडवायचं नाही. आत मात्र धग.

त्याहून खास आपला म्हणावा असा प्रकार म्हणजे कारखान्यातून काऊल, म्हणजे समोरचा पत्रा, लावलेली नुसती चेसिस निघते आणि केबिन बांधतो बाहेरचा बॉडीवाला. अशा चेसिसा ओळीने महामार्गावरून जाताना अजूनही दिसतात: दार नाही, छत नाही, मागची लांबलचक लोखंडी पट्टी उघडी, आणि स्टीअरिंगमागे डोक्याला फडकं गुंडाळून, गॉगल लावून बसलेला ड्रायव्हर. नामक्कलसारख्या गावांत या धंद्याची मोठी परंपरा आहे. मालकाला बॉडीवाल्याची केबिन स्वस्त पडते, हवी तशी रुंद करून मागे बाकडं टाकता येतं, टपावर ताडपत्री आणि दोरखंडाला जागा होते, आणि ठोकर लागली तर कुठलाही मिस्त्री ती सरळ करतो. न दिसणारी किंमत अपघाताच्या वेळी कळते: धडकेत केबिनमध्ये माणसापुरती पोकळी उरेल का, याची परीक्षा बहुधा कुणी घेतलेली नसते. युरोपीय कंपन्यांना ही परीक्षा ‘आर-२९’ या संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार द्यावी लागते. आपल्याकडे ट्रकच्या केबिन आणि बॉडीसाठी एआयएस-०९३ ही संहिता आहे. पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था अशी मानकं प्रसिद्ध करते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं करणारी अधिसूचनाही काढली, मुदत २०२५ ची.

ही पावलं योग्यच आहेत. पण मोजपट्टीचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ गाडीची एकूण लांबी, रुंदी, उंची सांगतो. एकूण लांबीला मर्यादा असेल आणि भाडं मालावर मिळत असेल, तर केबिनमधला प्रत्येक इंच मालकाच्या डोळ्यांत खुपणारच. चांगली केबिन घ्या असा उपदेश करून, किंवा एसी बसवून, हा हिशेब बदलत नाही. मालाच्या जागेची लांबी वेगळी ठरवून केबिनसाठी किमान माप राखून ठेवलं, तर बदलतो. युरोपने २.३५ मीटर राखले, तेव्हा टपावरच्या पेट्या कुणी बंदी न घालता गेल्या. आपल्या दोन माणसांच्या, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या केबिनला किती मीटर हवेत, हे ठरवायला प्रयोगशाळा आहे, मानकांची समिती आहे. आकडा तेवढा लिहायचा राहिला आहे.